लहान जातीचे पिल्लू सतत बुजते, थरथरते, हातावर गुरगुरते: कारण शोधण्याचा क्रम

लक्षणे

दारावरची बेल वाजताच पिल्लू सोफ्याखाली शिरते आणि पाहुणे गेल्यावरही बराच वेळ बाहेर येत नाही. उचलायला हात पुढे केला की ते मागे सरकते, अंग चोरते, ओठ चाटते, तोंड फिरवून डोळ्यांच्या कडेतून पाहते आणि तरीही उचललेच तर गुरगुरते किंवा दात लावते. कुकरची शिट्टी, मिक्सर, शेजारच्या घरातील ड्रिल यांपैकी कशानेही ते दचकते आणि एकदा दचकले की पुन्हा खेळायला लागत नाही. खाली फिरायला नेले तर इमारतीच्या दाराशीच बसकण मारते. कडेवर घेतले की मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकते. काही पिल्ले भुंकत नाहीत, चावत नाहीत, नुसती थरथरतात. काही घरातील एकाच व्यक्तीला चिकटून राहतात आणि ती व्यक्ती नजरेआड झाली की घर डोक्यावर घेतात.

पॉमेरेनियन, शिह त्झू, पग, माल्टीज, चिवावा, यॉर्की अशा लहान जातींच्या दोन ते सहा महिन्यांच्या पिल्लांबाबत ही तक्रार मी वारंवार हाताळली आहे. ‘छोटी कुत्री अशीच असतात’ किंवा ‘लाडाने बिघडले आहे’ हे निदान बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते आणि ते सहसा चुकीचे असते. खोलात गेल्यावर बहुतेक वेळा आढळते ते असे, की माणसाळण्याचे जे मोजके आठवडे पिल्लाच्या वाट्याला येतात, ते त्याने एका खोलीत, एकाच मांडीवर, लशी पूर्ण होण्याची वाट पाहत घालवलेले असतात. परंतु हे कारण बहुतेक वेळा असते, प्रत्येक वेळी नसते. उपाशी, गारठलेले, दुखणे अंगावर काढणारे आणि भेदरलेले पिल्लू वरवर सारखेच दिसते. म्हणून आधी बिनखर्चाच्या व पाच मिनिटांत उरकणाऱ्या गोष्टी पाहाव्यात, मग वेळ मागणाऱ्या आणि शेवटी पैसे मागणाऱ्या. हा क्रम सोडून थेट ‘चार पाहुणे बोलावून सवय लावू’ या उपायाकडे गेले, तर दुखणाऱ्या किंवा अर्धपोटी पिल्लावर आपण आणखी भीती लादतो.

पिल्लू मलूल पडले असेल, झोकांड्या खात असेल, झटके येत असतील, किंवा वारंवार उलट्या व रक्ताची जुलाब होत असेल, तर पुढचे काहीही वाचत बसू नये. लगेच पशुवैद्याकडे न्यावे.

पोट, ऊब आणि झोप

पहिला प्रश्न पिल्लाने शेवटचे कधी खाल्ले हा. अगदी लहान चणीच्या पिल्लांच्या यकृतात साखरेचा साठा जेमतेम असतो, अंगात स्नायू व चरबी कमी असते आणि शरीराची उष्णता मात्र भराभर खर्च होते. त्यामुळे जेवणात मोठा खंड पडला, तर रक्तातील साखर उतरते आणि पिल्लू थरथरते, सुस्तावते, चालताना लडखडते. साधारण चार महिन्यांपर्यंत हा धोका अधिक असतो. एक किलोच्या आतबाहेर वजन असलेल्या चिवावा किंवा यॉर्कीच्या पिल्लाला ‘मोठ्या कुत्र्यांसारखे’ दोनदाच खाऊ घातले जात असेल, तर इतर काहीही करण्याआधी तेच अन्न दिवसभरात चार वेळा विभागून द्यावे आणि रात्रीचे शेवटचे जेवण झोपण्याच्या अगदी आधी द्यावे. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे ‘पामेरियन’ म्हणून पाळले गेलेले बरेचसे कुत्रे प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ असतात. ती चण थोडी दणकट असल्याने हा त्रास त्यांच्यात कमी दिसतो. ‘टीकप’ नावाची मात्र कोणतीही वेगळी जात नाही. त्या नावाने विकलेली पिल्ले बहुधा वयाने फार लहान किंवा वाढ खुंटलेली असतात आणि साखर उतरण्याचा सर्वाधिक धोका त्यांनाच असतो.

थरथर नेमकी केव्हा होते, हे दोन-तीन दिवस कागदावर लिहून ठेवावे. जेवणाआधी, पहाटे किंवा भरपूर खेळल्यानंतर होत असेल आणि खाल्ल्यावर काही मिनिटांत थांबत असेल, तर ती भीती नव्हे. पिल्लू शुद्धीत पण मलूल असेल, तर थोडा मध किंवा ग्लुकोज पावडरची दाट पेस्ट हिरड्यांवर चोळावी, त्याला उबदार कापडात गुंडाळावे आणि सुधारणा दिसली तरीही त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे. शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या तोंडात पातळ काही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते.

ऊब तपासणेही तितकेच सोपे आहे. एसी चालू असलेल्या खोलीत उघड्या फरशीवर झोपणारे किंवा आंघोळीनंतर अर्धवट वाळवलेले पिल्लू कापणारच. झोपेकडे तर घरोघरी दुर्लक्ष होते. या वयात पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपते. घरात मुले असतील तर ते प्रत्येक डुलकीतून उचलले जाते, आणि संध्याकाळपर्यंत इतके थकते की हात लागला तरी दात लावते. संध्याकाळीच चावणारे पिल्लू दिसले की मी आधी त्याच्या दुपारच्या झोपेची चौकशी करते. एक कोपरा, एक अंथरूण आणि ‘तेथे असताना कोणीही हात लावायचा नाही’ हा घरातल्या सर्वांसाठीचा नियम एवढ्यावर काही घरांतील तक्रार आठवड्याभरात निम्मी होते.

डोळ्यांवरचे केस आणि पायांखालची फरशी

शिह त्झू, माल्टीज किंवा ल्हासा अप्सो असेल, तर त्याच्या समोर जमिनीवर बसून त्याचे डोळे दिसतात का ते पाहावे. कोथरूडच्या एका घरातील शिह त्झूचे पिल्लू डावीकडून कोणी आले की गुरगुरत असे आणि उजवीकडून आले की शेपूट हलवत असे. त्याच्या डाव्या डोळ्यावर चिकट झालेल्या केसांची बट बसली होती. ती ओल्या कापसाने सोडवून केस वर रबराने बांधल्यावर ते पहिल्यांदा मान वळवून माणूस येताना पाहू लागले. ज्याला समोरचे नीट दिसत नाही, त्याच्या अंगावर प्रत्येक हात अचानक येतो. डोळा लाल असेल, पाणी येत असेल किंवा पिल्लू तो मिटून ठेवत असेल, तर मात्र घरी काही घालू नये. टपोऱ्या डोळ्यांच्या पग व शिह त्झूंना बुबुळावर जखमा फार चटकन होतात.

दुसरी गोष्ट चकचकीत टाइल्सची. अशा फरशीवर पाय घसरणारे पिल्लू भिंतीच्या कडेने चालते, मधली मोकळी जागा टाळते, हाक मारली तरी येत नाही, आणि घरच्यांना वाटते की ते माणसांना घाबरते. नखे थोडी कापावीत, पंजांच्या तळव्यांमधले केस काढावेत, आणि त्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर जुन्या सतरंज्या किंवा रबरी मॅट अंथरावी. मॅटवरून ते आनंदाने धावत आले, तर एक कारण सापडले.

आपले हात

ही तपासणी बिनखर्चाची असली तरी घरच्यांना सर्वांत जड जाते, कारण येथे बदल पिल्लात नव्हे, माणसांत करायचा असतो. मोठ्या जातीच्या पिल्लाला कोणी दिवसातून तीस वेळा उचलत नाही. लहान पिल्लाला मात्र स्वयंपाकघरातून बाहेर काढायला, पाहुण्यांना दाखवायला, फोटोसाठी, जिन्यावरून, लाडाने आणि रागानेही उचलले जाते. बऱ्याचदा वरून दोन हात येतात, काखेखाली पकड बसते आणि मागचे पाय हवेत लोंबकळतात. पिल्लाच्या दृष्टीने हा प्रकार पडण्याइतकाच भीतिदायक असतो. सुरुवातीला ते अंग आखडते, मग तोंड फिरवते, मग ओठ चाटते, आणि या तिन्ही सूचनांकडे कोणाचे लक्ष गेले नाही की गुरगुरते. दोन किलोच्या पिल्लाचे गुरगुरणे ऐकून घरातली मंडळी कौतुकाने हसतात आणि व्हिडिओ काढतात. आपली सूचना कोणीच ऐकत नाही हे कळल्यावर ते थेट चावायला शिकते.

साधी परीक्षा अशी: पिल्लापासून दोन हातांवर, त्याच्याकडे थोडी कूस करून जमिनीवर बसावे, एक हात खाली फरशीजवळ उघडा ठेवावा आणि वाट पाहावी. ते स्वतःहून आले तर हनुवटीखाली किंवा छातीवर दोन-तीन सेकंद खाजवावे आणि हात काढून घ्यावा. ते पुढे सरकून आणखी मागते की मागे होते, हे नीट पाहावे. मागे झाले तर तेथेच थांबावे. चार-पाच दिवस घरातल्या प्रत्येकाने केवळ याच पद्धतीने हात लावला आणि गुरगुरणे कमी झाले, तर कारण हातांतच होते.

उचलणे आवश्यकच असेल तेव्हा आधी एक ठरावीक शब्द उच्चारावा, बाजूने एक हात छातीखाली आणि दुसरा पार्श्वभागाखाली घालावा, अंगाशी धरावे आणि खाली ठेवताना चारही पाय जमिनीला टेकल्यावरच पकड सोडावी. लहान मुलांनी पिल्लाला उभ्याने उचलूच नये, जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यावे. कडेवरून किंवा सोफ्यावरून पडून पुढच्या पायाचे हाड मोडणे हा अगदी लहान जातींमधला नेहमीचा अपघात आहे. गुरगुरल्याबद्दल चापट मारणे, नाकावर टिचकी मारणे किंवा उलटे पाडून दाबून धरणे यांपैकी काहीही करू नये. त्याने भीती तशीच राहते आणि तिची आगाऊ सूचना देणारा आवाज तेवढा बंद होतो.

खेळताना चावणे वेगळे. त्यात अंग सैल असते, शेपूट हलत असते आणि पिल्लू चावून पळून पुन्हा येते. आई व भावंडांबरोबरच्या खेळात, चार ते आठ आठवड्यांच्या काळात, पिल्लू किती जोराने चावावे हे शिकते. त्याआधीच आईपासून तोडलेले पिल्लू जोरात चावते, पण भ्यालेले असेलच असे नाही. त्याला हातांऐवजी चघळायचे खेळणे द्यावे आणि दात लागताच खेळ थांबवावा.

जन्मतारीख आणि लशींची वही

येथपर्यंत कारण सापडले नसेल, तर लशींची वही काढून जन्मतारीख, पिल्लू घरी आल्याची तारीख आणि पहिल्यांदा घराबाहेर नेल्याची तारीख एकाखाली एक लिहाव्यात. माझ्या दृष्टीने संपूर्ण तपासणीत याहून बोलकी गोष्ट दुसरी नाही.

पिल्लू जन्मतः आंधळे व बहिरे असते. डोळे साधारण दहा ते चौदा दिवसांत आणि कान तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. त्यानंतर तिसऱ्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो, की या काळात जे दिसले, ऐकू आले आणि सुखाचे ठरले, ते पिल्लू ‘आपल्या जगातले’ म्हणून स्वीकारते. पाचव्या आठवड्यानंतर नव्या गोष्टींची भीतीही हळूहळू वाढू लागते. जातीनुसार यात काही दिवसांचे अंतर पडते. अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामातून ही गोष्ट पुढे आली. १९६१ साली फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुंपणाच्या मोकळ्या आवारात आईजवळ, माणसांच्या सहवासाशिवाय पिल्ले वाढवली गेली. त्यांपैकी जी चौदा आठवड्यांपर्यंत माणसांपासून दूर राहिली, ती पुढे रानटी जनावरासारखी वागली. आपल्या घरातल्या पिल्लाची स्थिती इतकी टोकाची नसते, परंतु ज्याने या काळात घरातली चार माणसे आणि चार भिंती एवढेच पाहिले, त्याला पाचवा माणूस परका वाटतो, यात नवल नाही.

आता लशींचे वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून पाहावे. लशी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत किंवा त्यापुढेही द्याव्या लागतात, कारण आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे लशीचा परिणाम होऊ देत नाहीत आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणजे ‘सर्व लशी झाल्यावरच बाहेर’ हा नियम तंतोतंत पाळला, तर दार उघडते तेव्हा माणसाळण्याचा काळ संपलेला असतो. पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची भीती रास्तच आहे. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि आपल्याकडे रस्त्यावरच्या सगळ्या कुत्र्यांचे लसीकरण झालेले नसते. म्हणून पिल्लाला जमिनीवर न ठेवता जग दाखवावे. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेनेही २००८ च्या आपल्या भूमिकापत्रात पहिली लस व जंताचे औषध दिल्यानंतर किमान सात दिवसांनी, सात-आठ आठवड्यांच्या वयातच, पिल्लांना स्वच्छ जागेतील वर्गात नेण्यास हरकत नाही, असे म्हटले आहे.

लहान जातीची येथे मोठी सोय आहे, कारण ते पिल्लू पिशवीत मावते. पशुवैद्यांना विचारून, रोज पाच-दहा मिनिटे त्याला कापडी पिशवीत किंवा छातीशी धरून इमारतीच्या फाटकाशी उभे राहावे. वॉचमनकाका, हेल्मेट घातलेले डिलिव्हरीवाले, शाळेच्या बसमधून उतरणारी मुले, काठी टेकत येणारे आजोबा, छत्री, रिक्षा, लिफ्टचे उघडणारे दार हे सर्व त्याने लांबून पाहावे. त्याच वेळी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बोटाच्या पेराएवढाही नसलेला तुकडा त्याला मिळत राहावा. कोणी हात लावण्याची गरज नाही. पिल्लाने पाहावे, खावे आणि घरी परतावे. रस्त्याकडेची माती, कचराकुंडीजवळची जागा आणि लशीविषयी खात्री नसलेली कुत्री टाळावीत. लस झालेले, शांत, मोठ्या वयाचे कुत्रे एखाद्या ओळखीच्या घरी असेल, तर त्या घरची भेट शंभर अनोळखी कुत्र्यांपेक्षा मोलाची ठरते.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकत आणले गेले असेल, तर उशीर त्याआधीच सुरू झालेला असतो. भारतात श्वान प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. पुढच्या वेळी पिल्लू आणणाऱ्यांनी जन्मतारखेबरोबरच आई कोठे आहे आणि पिल्ले घरात वाढली की पिंजऱ्यात, हेही विचारावे. स्वतःच्या घरी पिल्ले झाली असतील, तर तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना रोज वेगवेगळ्या व्यक्तींनी थोडा वेळ, आईच्या समक्ष, हाताळावे.

तारखा लिहून झाल्यावर वय चौदा आठवड्यांच्या आत निघाले, तर आजपासून सुरुवात केल्यास बदल वेगाने दिसतो. त्यापुढचे असेल, तरीही करायचे तेच आहे. फक्त अंतर दुप्पट आणि घाई निम्मी ठेवावी, आणि आठवड्यांऐवजी महिन्यांचा हिशेब मनाशी धरावा.

आवाज आणि दारावरची बेल

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घरी आलेल्या पिल्लाला लागोपाठ ढोल-ताशे आणि फटाके ऐकावे लागतात. त्यातच आठ ते दहा आठवड्यांच्या सुमारास भीती मनात चटकन आणि खोल बसते. म्हणून मोबाइलवर ढोल, फटाके, कुकर, मिक्सर यांचे ध्वनिमुद्रण आपल्याला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात लावावे आणि तेवढ्यात पिल्लाचे जेवण समोर ठेवावे. ते न थांबता खात राहिले, तर दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढवावा. खाणे थांबवून कान मागे टाकले, तर आवाज जास्त झाला. पुन्हा कमी करावा. पिल्लू खाते की नाही, हे भीती मोजण्याचे सर्वांत विश्वासार्ह माप घरातच उपलब्ध आहे. प्रत्यक्ष फटाक्यांच्या रात्री कोणतेही शिक्षण देऊ नये. खिडक्या बंद कराव्यात, आतल्या खोलीत पंखा किंवा टीव्ही चालू ठेवावा, आणि ते जवळ आले तर जवळ घ्यावे. घाबरलेल्या पिल्लाला जवळ घेतल्याने भीती वाढते, हा समज निराधार आहे.

बेलची सवय पाहुणे नसताना लावावी: घरातल्या एकाने बेल वाजवायची, दुसऱ्याने लगेच पिल्लाच्या कोपऱ्यात चार तुकडे टाकायचे, दार उघडायचेच नाही. बेल वाजल्यावर पिल्लू दाराऐवजी कोपऱ्याकडे धावू लागले, की खऱ्या पाहुण्याची वेळ आली. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे की त्याच्याकडे पाहू नका, हाक मारू नका, उचलू नका, बसून गप्पा मारा. पिल्लू स्वतःहून वास घ्यायला आले, तर घेऊ द्यावा. ‘आमच्याकडे सगळी कुत्री येतात’ म्हणणाऱ्या काकांना हे पटवणे कठीण जाते, पण पटवावेच लागते. पाहुण्याच्या हातून जबरदस्तीने खाऊ भरवू नये. खाण्याच्या मोहाने जवळ गेलेले पिल्लू तुकडा संपताच आपण कोठे येऊन पोहोचलो हे पाहून बिथरते. तुकडा पाहुण्याने पिल्लाच्या मागच्या बाजूला टाकावा, म्हणजे ते दूर जाऊन खाईल आणि पुन्हा यायचे की नाही ते स्वतः ठरवेल.

लशी पूर्ण झाल्यावर फिरायला नेताना गळ्याच्या पट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, वापरावा. लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते आणि ओढाताणीने दबते. हंसाच्या आवाजासारखा कोरडा खोकला येत असेल, तर फिरणे थांबवून तपासून घ्यावे. रस्त्यावरची कुत्री अंगावर आली तर पिल्लाला अवश्य उचलावे. मात्र लांबवर कुत्रे दिसताच दरवेळी झटकन उचलले, तर कुत्रा म्हणजे संकट हाच धडा त्याला मिळतो. रस्ता ओलांडून अंतर वाढवणे पुरेसे असेल, तेथे तेच करावे.

पशुवैद्यकीय तपासणी

खर्चाची म्हणून ही शेवटी ठेवली आहे, पण लशीच्या पुढच्या भेटीतच ती उरकून घेता येते आणि तसेच करावे. काय दाखवायचे, हे ठाऊक असले म्हणजे वेळ वाया जात नाही. धावताना पिल्लू मध्येच एक मागचा पाय उचलून दोन-तीन पावले लंगडी घालत असेल आणि पुन्हा नीट चालत असेल, तर गुडघ्याची वाटी सरकते का हे पाहायला सांगावे. लहान जातींत हे फार आढळते आणि अशा पिल्लाला मागून उचलले की दुखते. पाच-सहा महिन्यांच्या वयात दुधाच्या सुळ्याला खेटूनच नवा सुळा आला असेल, तर तोंडाला हात लावू न देण्याचे कारण तेथे असू शकते. कान सतत खाजवणे, कानाला वास येणे, पोट फुगलेले असून अंग भरत नसणे याही गोष्टी सांगाव्यात. डोक्यावर मऊ खळगा लागत असेल, तर तो दाबून पाहू नये. फक्त डॉक्टरांच्या निदर्शनास आणावा. यॉर्की किंवा माल्टीजचे पिल्लू भावंडांच्या मानाने खुरटे असेल आणि जेवणानंतर काही वेळाने भ्रमिष्टासारखे वागत असेल, भिंतीला डोके टेकवून उभे राहत असेल, तर यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतील जन्मजात दोषाची शंका घ्यावी लागते आणि त्यासाठी रक्ततपासणी करावी लागते. गाढ झोपेतही एकाच पायाचा किंवा जबड्याचा स्नायू लयीत उडत असेल, विशेषतः डोळ्या-नाकातून घाण येण्याचा आजार होऊन गेल्यानंतर, तर तो डिस्टेंपरचा परिणाम असू शकतो. त्याला भीती समजून घरी उपचार करत बसणे घातक ठरते.

घरी प्रयत्न कोठे थांबवावेत

पिल्लाने गुरगुरण्याची किंवा अन्य कोणतीही सूचना न देता रक्त येईल असा चावा घेतला, तर घरचे प्रयोग तेथेच थांबवावेत. घरात तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेली वृद्ध व्यक्ती असेल, तर इतकी वाटही पाहू नये. चावा किंवा नखाचा ओरखडा कोणालाही लागला, तर पिल्लू कितीही लहान आणि घरचे असले तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लस घ्यायची की नाही, हे त्यांनी ठरवायचे. पिल्लाचे वागणे एकाएकी बदलले, लाळ गळू लागली, गिळता येईना किंवा आवाज बदलला, तर त्याला हात न लावता एका खोलीत बंद करून पशुवैद्यांना कळवावे.

वर सांगितलेले उपाय तीन-चार आठवडे नेमाने करूनही पिल्लू परक्या माणसाच्या उपस्थितीत एकही तुकडा खात नसेल, सोफ्याखालून बाहेर यायला तासन्‌तास लागत असतील, एकटे राहिल्यावर दार खरवडून नखे रक्तबंबाळ करून घेत असेल, किंवा वय सहा महिन्यांच्या पुढे गेले असून भीती वाढतच असेल, तर हे काम घरच्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. अशा वेळी आधी पशुवैद्य आणि मग त्यांच्या सल्ल्याने वर्तनाचे काम जाणणारी व्यक्ती, असा क्रम ठेवावा. काही पिल्लांना शिक्षणाच्या जोडीला औषधही लागते आणि ते पशुवैद्यच देऊ शकतात. माणसांची झोपेची किंवा वेदनाशामक गोळी तुकडा करूनही देऊ नये. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या नेहमीच्या गोळ्याही लहान कुत्र्याला विषारी ठरतात. ‘पंधरा दिवस आमच्याकडे ठेवा, सरळ करून देतो’ असे सांगणाऱ्या किंवा टोचणारा पट्टा वापरणाऱ्या प्रशिक्षकाकडे भ्यालेले पिल्लू सोपवू नये. चांगला प्रशिक्षक घरी येतो, आधी लांब बसून पाहतो आणि घरच्यांना शिकवतो. खासगी दवाखान्यात निदान लागत नसेल, तर मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि अकोला येथील पशुवैद्यकीय संस्थांशी जोडलेली रुग्णालये आहेत.

भेटीला जाताना लशींची वही, लिहिलेल्या तारखा, थरथरीची टिपणे आणि दोन लहान व्हिडिओ न्यावेत: एक पिल्लू चालतानाचा, बाजूने काढलेला, आणि दुसरा बेल वाजल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाचा. व्हिडिओसाठी पिल्लाला मुद्दाम घाबरवू नये. मोबाइल शेल्फवर टेकवून ठेवावा आणि जे आपोआप घडेल तेवढेच टिपावे. दवाखान्याच्या टेबलावर बहुतेक पिल्ले भीतीने गप्प उभी राहतात, त्यामुळे घरातले खरे वागणे डॉक्टरांना या व्हिडिओंतूनच कळते.